फक्त आंघोळ

आमच्या वहिनीनं लग्न केलं एका माणसाशी आणि ती वहिनी झाली अख्ख्या गल्लीची. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. तो काही वर्षांनी गेला. वारला वगैरे नाही, दुसऱ्या शहरात दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. जाताना त्यानं घरातल्या चांगल्या वस्तू तेवढ्या नेल्या आणि 'वहिनी' हे नाव मात्र इथेच टाकून गेला. आता पोस्टमन तिला वहिनी म्हणतो, दूधवाला म्हणतो आणि ज्यांच्या कुत्र्यांना ती न्हाऊ घालते ते लहानथोर सगळे म्हणतात. मी तिचा खराखुरा दीर. वरच्या मजल्यावर एकटा राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो, आणि मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुत्र्यांच्या वतीनं बोलतोय असं कुणाला वाटायला नको.

तिचं दुकान तळमजल्यावर. पूर्वी तिथे आमची बैठकीची खोली होती. भाऊ गेल्यावर तिनं सोफा विकला आणि तिथे दोन टब बसवले. मधोमध एक स्टीलचं टेबल, त्याला उभा दांडा, दांड्याला पट्टा. टेबलावर उभं केलेलं कुत्रं उडी मारून पळू नये म्हणून तो पट्टा. कोपऱ्यात केस वाळवायचं यंत्र, ते सुरू झालं की वर माझ्या खोलीतल्या कपबशा वाजतात. काचांवर कायम वाफ. आणि वास. ओल्या कुत्र्याचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं देवाचे आभार मानावेत. मोरीत अडकलेले केस काढायचं काम माझ्याकडे आहे. 'लिफ्टच्या तारा ओढता, हेही तसलंच' असं तिचं म्हणणं.

रविवारी मला सुट्टी असते, म्हणजे असायला हवी. "भावजी, जरा हात लावता का?" अशी खालून हाक येते. हात लावायचा याचा अर्थ वासराएवढं जनावर छातीशी कवटाळून टबात ठेवायचं आणि नंतर ते ओलं झाल्यावर पुन्हा बाहेर काढायचं. मी तणतणत जातो. ती हसते. माझा राग नाकावर असतो हे तिला माहीत आहे, आणि तो नाकाच्या पुढे जात नाही हेही माहीत आहे.

काम करताना ती अखंड बोलत असते. कुत्र्याशी. "काय रे राजा, कुठे लोळून आलास? हे काय, कानात शेती केलीस होय?" असं. डोळे अर्धे मिटलेले, आणि हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पोटाखाली फिरत असतात. मधेच हात थांबायचा. "भावजी, इथे हात लावून बघा." मी लावायचो. मला केस लागायचे. "तुम्हाला लिफ्टच कळायची," म्हणायची. मग मालक न्यायला आला की सांगायची, "मागच्या मांडीला वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय. चरबीच असेल बहुतेक, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." बहुतेक वेळा चरबीच निघायची. कधी गोचीड निघायची, तेव्हा मी तिला आठवडाभर चिडवायचो. पण कधीमधी काही भलतंच निघायचं, वेळेवर निघायचं, आणि मग तो मालक मिठाईचा डबा घेऊन यायचा. डबा वर माझ्याकडे यायचा, कारण वहिनीला गोड चालत नाही. एवढ्यापुरता मी कुत्र्यांचा मिंधा होतो.

मग विमा आला.

कुत्र्याचा विमा म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. हसण्यासारखं नव्हतं. कुत्र्याच्या दवाखान्याची बिलं माणसाच्या बिलांच्या पुढे गेली होती. साध्या पाय मोडण्याला लोकांच्या तोंडचं पाणी पळत होतं. विमा कंपन्यांनी सुरुवातीला अगदी किरकोळ हप्ता ठेवला. पिल्लू घेतलं की त्याच्या पट्ट्याबरोबर विमा घ्यायचा, अशी पद्धतच पडली. सगळ्यांनी घेतला. सगळे एकदा आत आले आणि मग हप्ता चढायला लागला. पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, आणि कुत्रं सहा-सात वर्षांचं झालं, म्हणजे खरोखर विम्याची गरज पडायची वेळ आली, की मग असा चढायचा की माणसानं खाली बसावं. लिफ्ट निदान मजल्यांवर थांबते.

यावर लोकांनी एक उपाय काढला. एका कंपनीचा हप्ता डोईजड झाला की ती सोडून द्यायची आणि दुसऱ्या, स्वस्त कंपनीत जायचं. पण नव्या कंपनीचा एक नियम असायचा. कुत्र्याचं जे दुखणं मालकाला आधीपासून माहीत आहे, किंवा पहिल्या तीन महिन्यांत उघड झालं आहे, त्याचा खर्च कंपनी कधीच देणार नाही. मेलं तरी नाही. म्हणजे कंपनी बदलली की ते तीन महिने जीव टांगणीला. त्या काळात कुत्र्यानं लंगडायचं नाही, खोकायचं नाही, आणि त्याच्या अंगात काही असलंच तर ते कुणाला कळायचं नाही.

आणि कळण्याचं ठिकाण कोणतं? आमची बैठकीची खोली.

वहिनीला हे सगळं लक्षात यायला एक फोन लागला. बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा मोठा केसाळ कुत्रा. वहिनीनं त्यांना सांगितलं होतं, मांडीला गाठ लागतेय. बाई 'बरं' म्हणाल्या आणि विसरल्या, किंवा विसरल्यासारखं केलं. मधे त्यांनी कंपनी बदलली. नंतर गाठ वाढली, ऑपरेशन झालं, आणि त्यांनी नव्या कंपनीकडे खर्च मागितला. त्यानंतर आमच्याकडे कंपनीच्या तपासनिसाचा फोन आला. मी मोरी साफ करत होतो, वहिनीनं स्पीकर लावला होता. काय गोड आवाज त्या तपासनिसाचा! "तुमच्या हाताबद्दल फार ऐकलंय हो. डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळतं म्हणे?" वहिनी फुलली. नवऱ्यानं कधी असं म्हटलं नव्हतं. तिनं सांगून टाकलं, हो, त्या कुत्र्याची गाठ मीच आधी ओळखली, गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीलाच, बाईंना तेव्हाच बोलले होते. तपासनिसानं आभार मानले. दोनदा मानले.

बँकेतल्या बाईंना एक पैसा मिळाला नाही. त्या दुकानात आल्या तेव्हा टबात एक कुत्रा होता, टेबलावर दुसरा, आणि बाकावर तीन गिऱ्हाइकं बसलेली.

"तुमच्या जिभेला काही हाड आहे का?" त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "मी तुम्हाला आंघोळीचे पैसे देते की चहाड्यांचे?"

"अहो, पण मी खरं तेच..."

"खरं! तुमच्या खऱ्यानं माझी वर्षाची शिल्लक गेली. तुमच्याकडे कुत्रं आणायचं म्हणजे कंपनीच्या दारात नेऊन बांधायचं!"

वहिनी साबणाच्या हातांनी उभी. बाकावरची तिघं जमिनीकडे बघत होती, पण कान इकडेच होते. बाई गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग पुढच्या महिन्याभरात बरीच गिऱ्हाइकं गेली. रस्त्याच्या टोकाला नवीन दुकान झालं होतं, तिथली पोरं कानात गाणी घालून कुत्री धुतात. त्यांना बोटाखाली नारळ आला तरी कळणार नाही. आता नेमकं तेच लोकांना हवं होतं.

जी गिऱ्हाइकं राहिली त्यांनी एक बोलण्याची रीत पाडली. कुणी ठरवलं नाही, कुणी लिहिलं नाही, आपोआप पडली. कुत्र्याचा पट्टा वहिनीच्या हातात देताना जो नुसता 'आंघोळ आणि केस' म्हणायचा, त्याला काही सापडलं तर सांगायचं. आणि जो 'फक्त आंघोळ' म्हणायचा, त्याचा नवा विमा सुरू झालेला असायचा. त्याला काही सांगायचं नाही. काही सापडलं तरी नाही. वहिनीनं कानाला खडा लावला होता. ती मान डोलवायची आणि पट्टा घ्यायची.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, हे काय चाललंय? तुम्ही मूग गिळून बसणार आणि ते कुत्रं?"

"मी डॉक्टर आहे का, भावजी?" ती म्हणाली. "मी आंघोळ घालते."

हे तिचं बोलणं नव्हतं. हे तिनं कुठून तरी उचलून आणलं होतं आणि तोंडात ठेवलं होतं. मला तिचा राग आला नाही. ज्यांनी तिच्या तोंडात ते ठेवलं त्यांचा आला, आणि ते कोण हे नीट सांगता येत नव्हतं, म्हणून जास्त आला.

आता शिंपीकाका. आमच्या रांगेत तिसरं दुकान त्यांचं. नवे कपडे आजकाल कुणी शिवत नाही. चेन बदलणं, पँट आखूड करणं, पडदे, झालंच तर कुणाचं पोट वाढलं म्हणून शिवण सोडणं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात, ती फोनवर 'बाबा, कसे आहात' विचारते आणि उत्तराच्या आत दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागते. काकांच्या मशीनखाली एक गालिच्याचा तुकडा आणि त्यावर बटण. बटण म्हणजे त्यांचा कुत्रा. काळाभोर, गोल, आखूड पायांचा, आणि छातीवर ओळीनं चार पांढरे ठिपके, कोटाला लावल्यासारखे. काका पायानं मशीन चालवायचे आणि दुसरं पाऊल बटणच्या पाठीवर. गिऱ्हाईक नसलं की त्या दोघांचं बोलणं चालायचं, म्हणजे काका बोलायचे आणि बटण जांभई द्यायचा. मला कुत्री आवडत नाहीत, पण तो कुत्रा निदान माणसाच्या अंगावर उडी मारत नसे. त्याला तेवढं उडताच येत नसे.

काकांनी बटणचा विमा तो पिल्लू असल्यापासून घेतला होता. इतक्या वर्षांत कंपनीकडे एकदाही काही मागितलं नव्हतं. बटणला कधी साधी शिंक आली नाही. तरी हप्ता चढत चढत काकांच्या दुकानाच्या भाड्यापाशी येऊन टेकला, आणि त्या वर्षी भाड्याच्या पुढे गेला. काकांनी कंपनीला फोन लावला. माझ्यासमोरच लावला, कारण अशा वेळी त्यांना सोबत लागते. बराच वेळ तिकडून गाणं ऐकू आलं. मग एक मुलगी बोलली.

"मी तुमच्याकडे एवढी वर्षं आहे," काका म्हणाले. "एकदाही काही घेतलं नाही."

"हो सर, ते आम्हाला दिसतंय. म्हणूनच तुमचा हप्ता कमी वाढवलाय."

काकांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मला हसू आलं आणि संतापही आला. मग त्यांनी सगळे करतात तेच केलं. जुना विमा सोडला, दुसऱ्या कंपनीचा स्वस्त विमा घेतला आणि तीन महिन्यांचं सुतक अंगावर घेतलं.

त्या रविवारी ते बटणला घेऊन आले. मी मोठ्या टबाशी एका दांडग्या कुत्र्याशी झटत होतो. काकांनी पट्टा वहिनीच्या हातात दिला आणि लाजल्यासारखे खाली बघून म्हणाले, "वहिनी, फक्त आंघोळ."

"कळलं, काका," वहिनी म्हणाली. "बसा तुम्ही. काय बटणराव, मालकांनी टाके घातले की नाहीत? सुटत चाललायस सगळीकडून."

काका बाकावर बसले. ती बोलत होती, पाणी सोडत होती, साबण चोळत होती. मग तिचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. तिचा हात बटणच्या पुढच्या डाव्या पायाच्या काखेत होता. थांबलेला. मग तो पुढे सरकला, पोटाकडे गेला, पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. तिनं फवारा उचलला आणि कुत्र्याला धुवायला लागली. बोलली मात्र नाही. यंत्रानं केस वाळवले, नखं घासली, पट्टा काकांच्या हातात दिला. "झालं," म्हणाली.

काका गेल्यावर मी विचारलं, "काय लागलं?"

"काही नाही."

"वहिनी."

"हरभऱ्याएवढं आहे," ती म्हणाली. "खाली घट्ट धरून बसलंय. सरकत नाही. चरबी सरकते."

"मग सांगून टाका. तीन दुकानं पलीकडे तर आहेत."

"आणि मग?" ती एकदम माझ्या अंगावर आली. "सांगितलं तर त्यांना कळणार. कळलं की डॉक्टरकडे नेणार, डॉक्टरच्या कागदावर तारीख पडणार, आणि नवी कंपनी हात झटकणार. जुनी तर त्यांनी सोडलीय. मग ऑपरेशन कशाच्या जोरावर करणार ते? शिवणीच्या? तीन महिने काढू दे त्यांना. चरबीसुद्धा असेल. माझं किती वेळा चुकलंय! तुम्हीच चिडवता ना?"

चिडवत होतो खरं. पण ती चुकलेली आहे असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं.

बटण एरवी दीड-दोन महिन्यांनी यायचा. यावेळी तो पुढच्याच रविवारी आला. "फक्त आंघोळ," काका म्हणाले.

"काका, अहो परवाच तर झाली. कातडी कोरडी पडते अशानं."

"घाण होतो हो फार. चिखलात लोळतो."

चिखलात! जो कुत्रा गालिच्यावरून उठून पाणी प्यायला जायचं म्हणजे आधी विचार करायचा, तो चिखलात लोळत होता. पण गिऱ्हाईक म्हणतंय तर म्हणू दे. वहिनीनं त्याला घेतलं. काका यावेळी बाकावर बसले नाहीत, टबाशी येऊन उभे राहिले. तिच्या हातांकडे बघत राहिले. तिचा हात काखेपाशी गेला की त्यांची मान पुढे यायची. हात पुढे गेला की मान मागे.

त्याच्या पुढच्या रविवारीही आले. त्याच्याही पुढच्या.

"पहारा करतात माझ्यावर," वहिनी रात्री जेवताना म्हणाली. जेवण आमचं एकत्रच असतं. "मी काही बोलून जाईन म्हणून. एकदा तोंड उघडलं होतं ना मी, त्याची शिक्षा. शिंपीकाकांनासुद्धा माझा भरवसा नाही."

"मग भरवसा मोडा आणि बोला."

"नाही बोलणार. दिलाय शब्द तर पाळीन."

त्या दिवसांत तिचं वजन उतरलं. दुसऱ्या कुत्र्यांशी बोलायची, पण बटण टबात आला की तोंडाला कुलूप. हरभऱ्याचा वाटाणा झाला होता, वाटाण्याची सुपारी झाली. हे ती मला सांगायची, मला एकट्याला, आणि सांगून झालं की माझ्यावरच चिडायची. मी म्हणायचो, उद्या जाऊन सांगतो मी. ती म्हणायची, तुम्ही सांगितलंत तर पुन्हा या घरात जेवायला येऊ नका. मी काय करणार? मला स्वयंपाक येत नाही हे एक कारण झालं. खरं कारण असं की तिचा हिशेब मला पटतही होता. विमा हातात नसेल तर काका गाठ ओळखून तरी काय करणार होते? या हिशेबात कुठेतरी घोडं पेंड खात होतं, पण कुठे ते मला दिसत नव्हतं. मी लिफ्टवाला माणूस. बिघाड कुठे आहे ते दिसल्याशिवाय हात घालत नाही.

बटण बारीक झाला. गालिच्यावर पडलेला असला की एका कुशीवरच पडायचा. टबातून काढताना त्याचा पुढचा डावा पाय टेकायचा नाही. काकांनी ते बघितलं, मी बघितलं, वहिनीनं बघितलं. तिघांपैकी कुणी काही बोललं नाही. बाहेर थंडी सरत आली होती.

तीन महिने पुरे झाले त्या रविवारी काका दुकान उघडायच्या आधीच दाराशी उभे होते. बटण त्यांच्या हातांवर होता, चालत नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "आज सगळं बघा."

वहिनीनं त्याला टबात घेतलंही नाही. तिथेच, दारातच म्हणाली, "काका, काखेत गाठ आहे. मोठी आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

काका दचकले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले. मग मान हलवली आणि निघाले. मी गाडी काढली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी हात लावला, फोटो काढले, फोटो दिव्यापुढे धरले. छातीत पसरलंय, म्हणाल्या. आता कापण्यात अर्थ नाही. दुखू नये एवढं बघता येईल.

"आधी आणलं असतं तर?" काकांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर मी देणार होतो. "आधी म्हणजे किती आधी त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "हरभऱ्याएवढी असताना छोटंसं ऑपरेशन असतं. संध्याकाळी घरी जातात."

तपासण्यांचं बिल काकांनी नव्या कंपनीकडे पाठवलं. पुन्हा आमच्याकडे फोन आला. आवाज वेगळा, गोडी तीच. या तीन महिन्यांत तुम्हाला कुत्र्यात काही आढळलं होतं का? वहिनी सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही. काहीही नव्हतं." माझ्या आयुष्यात मी तिला इतकं स्वच्छ खोटं बोलताना ऐकलं नाही. मला अभिमान वाटला. पण तो फोन नुसता विचारण्यापुरता होता. कंपनीनं आपल्या डॉक्टरला फोटो दाखवलेच होते. एवढी मोठी गाठ काल-परवाची नसते, असं त्यानं सांगितलं, ती पहिल्या तीन महिन्यांतली किंवा त्याआधीचीच असणार, आणि कंपनीनं काखा वर केल्या. गाठ लपवायला जितका वेळ घेतला, तेवढ्या वेळात ती स्वतःच साक्ष देण्याइतकी मोठी झाली होती. याच्यासाठी वहिनी तीन महिने अर्धपोटी राहिली. याच्यासाठी ते सगळे रविवार. त्या दिवशी माझ्या हातात पाना होता, तो मी भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला, बाकी कुणाचं काही गेलं नाही.

बटण पुढे थोडेच आठवडे राहिला. शेवटी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या, मशीनखालच्या गालिच्यावरच त्याला सुई दिली. काकांचं पाऊल त्याच्या पाठीवर होतं.

वहिनी दोन दिवस काकांकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "भावजी, चला माझ्याबरोबर. मला सांगायचंय त्यांना. काय म्हणायचं ते म्हणू दे. बँकेतल्या बाईंनी म्हटलं, यांनाही म्हणू दे."

काका मशीनवर होते. पुढ्यात पडद्यांचा ढीग, निळ्या रंगाचा, कुणाच्या तरी नव्या घराचा. मशीनखाली गालिचा नव्हता, जमिनीवर तेवढा चौकोन उजळ दिसत होता. काकांनी आम्हाला बघून मान हलवली आणि पाय चालूच ठेवला. मी कपाटाला टेकून उभा राहिलो. वहिनी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"काका," ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पहिल्याच आंघोळीला लागलं होतं हाताला. मी बोलले नाही."

मशीन थांबलं.

"मलाही त्याच दिवशी कळलं," काका म्हणाले.

"तुम्हाला? कसं?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात. बटणला टाक्यांवरून चिडवत होता आणि मधेच गप्प झालात. इतक्या वर्षांत तुम्हाला गप्प कधी ऐकलंय मी? घरी आलो, तुमचा हात जिथे थांबला होता तिथे हात घातला. सापडली."

मी म्हणालो, "मग काका, डॉक्टरकडे का नाही गेलात तेव्हाच?"

"धीर झाला नाही. विमा जाईल, सगळं जाईल, हातात काहीच राहणार नाही, असं वाटलं. आपण मुद्दाम विमा बदलला आणि आपणच तो बुडवायचा? रात्री ठरवायचो, सकाळी मोडायचो." त्यांनी पडद्यावरचा एक धागा ओढून काढला. "मग म्हटलं, वहिनीकडे नेऊ. पुन्हा हाताला लागेल, राहवणार नाही त्यांना, बोलतील. त्या बोलल्या की मग पळवाट नाही. उठायचं आणि जायचं, विम्याचं काय व्हायचं ते होवो. म्हणून दर रविवारी आणत होतो. तिथे उभा राहून तुमच्या हाताकडे बघत होतो. या रविवारी बोलतील, या रविवारी बोलतील."

"तुम्ही 'फक्त आंघोळ' म्हणत होता," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "दर वेळी म्हणत होता."

"म्हणत होतो."

मला कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटली. पण त्या दुकानात आम्ही तिघंच होतो, आणि कंपनी नावाचं माणूस कुठे राहतं हे मला अजून कळलेलं नाही. बाहेरून कुणीतरी जाताना काचेवर बोट वाजवून 'पडदे झाले का' असं खुणेनं विचारलं. काकांनी खुणेनंच सांगितलं, संध्याकाळी.

"मी रोज ठरवत होते, काका," वहिनी म्हणाली.

"मीसुद्धा," काका म्हणाले, आणि त्यांनी पुढचा पडदा ओढून घेतला.